साडेतीन शहाणे आणि दहा चित्रपट

आमच्या हिंगण्यात एक गृहस्थ राहतात. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर तीस-बत्तीस वर्षे काढून ते आता घरी बसले आहेत. वयाने ते माझ्या वडिलांच्या जागी; सारी आळी त्यांना काकाजी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. त्यांच्यापाशी एक लांबोडकी, पुठ्ठ्याची वही आहे. कारखान्यात लागले त्या वर्षापासून, म्हणजे १९७३ पासून, पाहिलेल्या प्रत्येक सिनेमाची तिच्यात नोंद आहे. सिनेमाचे नाव, टॉकीज, तारीख, तिकिटाचे पैसे आणि शेवटच्या रकान्यात बरोबर कोण होते ते. सिनेमा कसा होता, हे मात्र कोठेही लिहिलेले नाही. वहीच्या मागल्या बाजूला दर भाऊबीजेच्या दुपारी, जेवण झाल्यावर, ते आपले दहा आवडते सिनेमे क्रमाने लिहितात. गेल्या वर्षीची यादी खोडायची नाही. नवे पान, नवी यादी.

मी शाळामास्तर आणि वर कादंबऱ्या लिहिणारा. तेव्हा असल्या उद्योगाला हसण्याचा अधिकार मला नाही. शिवाय गेली पंधरा वर्षे त्याच दुपारी मीही माझे दहा सिनेमे एका कागदावर लिहून त्यांच्या ओसरीवर जातो. आधी ते वाचतात, मग मी वाचतो, आणि मग संध्याकाळी ओवाळायला बोलावणे येईपर्यंत आम्ही भांडतो. “दोन मोठाली माणसं आणि भांडण कशाचं, तर हा सातवा का तो आठवा!” असे काकाजींच्या घरातून आतून ऐकू येते. ते बरोबरच आहे. सातव्याला आठवा केल्याने जगात कोणाचे काही बिघडत नाही. तरी माणसे हे का करतात, आणि चित्रपटवेडीच माणसे इतक्या ईर्ष्येने का करतात, हा प्रश्न माझ्या डोक्यात बरीच वर्षे आहे. ह्या लेखात तोच सोडवून पाहायचा आहे.

कादंबरीच्या वाचकांना हे वेड इतके नसते, हे मी थोड्या मत्सराने नमूद करतो. दहा आवडत्या कादंबऱ्या सांगा म्हटले, तर चांगला वाचकही जरा वेळ छताकडे पाहतो आणि सहा-सातांवर थांबतो. सिनेमावाल्याला विचारून पाहा. तो विचारण्याची वाटच पाहत असतो. त्याच्या खिशात यादी तयार असते, आणि तुम्ही मान हलवण्याच्या आत तो तिच्यात फेरफारही करू लागतो.

ह्याचे एक कारण सिनेमाच्या जातीतच आहे असे मला पूर्वी वाटे. पुस्तक कपाटात राहते. आवडले तर त्यावर आपले नाव घालता येते, पान दुमडता येते. सिनेमा ही वस्तू प्रेक्षकाच्या हाती कधीच नव्हती. शुक्रवारी पत्र्याच्या पेट्यांतून रिळे यायची, आठवडा-दोन आठवडे चालायची आणि पुढच्या गावाला निघून जायची. हाती उरे तिकिटाचा अर्धा तुकडा. हिंगण्याहून सायकल मारीत सीताबर्डीला जाऊन मॅटिनी पाहणाऱ्या माणसाला तो सिनेमा पुन्हा कधी दिसेल ह्याची खात्री नसे. अशा वेळी वहीत नाव लिहून ठेवणे म्हणजे निघालेल्या पाहुण्याचा पत्ता लिहून घेण्यासारखे होते. आणि ही भीती निराधार नव्हती. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’. १९३१ साली त्याच्यासाठी माणसांनी एकमेकांना तुडवले. आज त्याची एकही प्रत शिल्लक नाही. नायट्रेटच्या त्या फिती आपोआप पेट घेत. पेटल्या नाहीत त्या चांदी काढण्यासाठी वितळवल्या गेल्या. २००३ च्या जानेवारीत पुण्याला, जिथे एकेकाळी प्रभातचा स्टुडिओ होता त्या आवारातल्या कोठीला आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेटचा मोठा ठेवा काही तासांत गेला.

ते संग्रहालय १९६४ साली निघाले आणि ते ज्यांनी उभे केले ते पी. के. नायर हे यादीवाल्यांचे शिरोमणी. केरळातला हा मुलगा लहानपणी सिनेमाची तिकिटे जमवीत असे. मोठेपणी त्याने देशभर फिरून सिनेमेच जमवले. नाशिकला फाळक्यांच्या घरापर्यंत जाऊन पोचले आणि तिथली जुनी रिळे घेऊन आले. पाहिलेल्या सिनेमांच्या टिपणांनी त्यांच्या वह्याच्या वह्या भरलेल्या होत्या. २०१६ च्या मार्चमध्ये ते गेले. तसेच कानपूरचे हरमंदिर सिंग ‘हमराज़’. रेडिओवर गाणी ऐकता ऐकता ह्या माणसाने हिंदी बोलपटांच्या गीतांचा कोशच रचला, दशकामागून दशक, खंडामागून खंड. कोणा विद्यापीठाने हे काम त्यांना सांगितले नव्हते. आवडीची यादी करता करता माणूस कोणाचीही आवडनिवड न पाहणाऱ्या समग्र जंत्रीपर्यंत जातो आणि तिथून मग इतिहासकाराला सामग्री मिळते, ही मोठी नवलाची गोष्ट आहे.

परंतु हे कारण पुरे पडत नाही, असे अलीकडे माझ्या लक्षात आले. आज माझ्या वर्गातल्या कोणत्याही मुलाच्या हातातल्या फोनवर ‘संत तुकाराम’ही आहे आणि कालचा सिनेमाही आहे. पाहुणा घरातच राहायला आला. आता त्याचा पत्ता कशाला लिहून घ्यायचा? म्हणजे याद्या बंद पडायला हव्या होत्या. त्या तर वाढल्या. मधल्या सुट्टीत नववीची मुले आपापले पाच सांगत असतात आणि पाचावर थांबता येत नाही म्हणून हातघाईवर येतात. तेव्हा यादीचे मूळ आणखी कुठेतरी असले पाहिजे.

आपल्याकडची सर्वांत लाडकी यादी घ्या. पेशवाईतले साडेतीन शहाणे. सखारामबापू बोकील, निजामाकडचा विठ्ठल सुंदर, आणि तिसरे आमचे नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे, हे तीन पूर्ण शहाणे. नाना फडणीस अर्धा. आता ह्या यादीत गोडी कोठे आहे? देवाजीपंत विदर्भाबाहेर आज कोणाला ठाऊक आहेत? विठ्ठल सुंदर तर राक्षसभुवनावर पडला आणि विस्मरणात गेला. यादी दोनशे वर्षे जिवंत राहिली ती त्या अर्ध्यामुळे. एवढा नाना, आणि अर्धा का? तलवार धरता येत नव्हती म्हणून अर्धा, असे एक सांगतो. दुसऱ्याला ते पटत नाही. आणि दोघे बोलू लागतात. ज्याने ही यादी प्रथम केली तो कोणी का असेना, यादीचे मर्म त्याने ओळखले होते. घेतलेल्या नावांत ते फारसे नसते. वगळलेल्यांत असते, आणि काठावर अर्धवट अडकवून ठेवलेल्या एखाद्यात असते.

सामान्य माणसाला टीका करण्याची दुसरी सोय नाही. तो परीक्षण लिहीत नाही. त्याला ‘पटकथा शिथिल झाली आहे’ असे म्हणता येत नाही, आणि म्हणता आले तरी ऐकतो कोण? पण ‘माझ्या दहांत नाही’ एवढे तीन शब्द तो म्हणू शकतो. दिग्दर्शकाने तीन वर्षे राबून केलेला, पारितोषिके मिळवलेला, वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलेला सिनेमा लेथवरचा एक माणूस ह्या तीन शब्दांत दाराबाहेर ठेवतो. हे सुख साधे नव्हे.

१९५२ साली अशा दोन याद्या जगात एकाच वर्षी सुरू झाल्या. त्यांची ओळख कोणी करून दिल्याचे माझ्या वाचनात नाही, म्हणून मी करून देतो. लंडनच्या ‘साइट अँड साउंड’ नावाच्या मासिकाने त्या वर्षी टीकाकारांना जगातले दहा सर्वोत्तम चित्रपट विचारले. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कोलंबोच्या रेडिओ सीलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. तिच्या मागे एक मराठी गृहस्थ होते, मात्र उलट्या बाजूने. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर त्या वर्षी माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते निस्सीम भक्त. फिल्मी गाण्यांनी देशाची अभिरुची बिघडते असे त्यांचे ठाम मत. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. म्हणजे केसकरांचीही एक यादीच होती, आणि तिच्यात वगळण्याचे काम फार मोठ्या प्रमाणावर झालेले होते. लोकांनी काय केले? काटा फिरवला आणि सिलोन लावले. अमीन सायानींनी आरंभीच्या कार्यक्रमांत श्रोत्यांपुढे सात गाणी ठेवली आणि त्यांचा क्रम लावून पाठवा म्हणून सांगितले. हजारो पत्रे आली. सरकारने ज्यांना बेसूर ठरवले होते त्या लोकांनी आपली आवड अनुक्रमांक घालून, पोस्टाचे तिकीट लावून कळवली. पुढे पाच वर्षांनी, १९५७ च्या ऑक्टोबरात, सरकारलाच विविध भारती काढावी लागली.

काकाजी लहानपणी दर बुधवारी रात्री आठ वाजता ग्रामपंचायतीच्या रेडिओभोवती बसत. कोणते गाणे कितव्या पायदानावर आहे हे दुसऱ्या दिवशी शाळेत सांगणारा मुलगा म्हणजे त्या काळचा पंडित. २०२४ च्या फेब्रुवारीत सायानी गेले त्या दिवशी काकाजींनी दाढी केली नाही. सुतकाचे म्हणून नव्हे; “मनच नाई झालं जी,” म्हणाले. वह्या लिहिण्याची सवय त्यांना तिथून लागली, असे माझे अनुमान आहे.

लंडनच्या यादीची हकीकत निराळी. ती दर दहा वर्षांनी निघते. १९५२ साली पहिला आला डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’. तो तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता, म्हणजे ते ताजे प्रेम होते. ‘सिटिझन केन’ पहिल्या दहांतही नव्हता. १९६२ साली तोच केन पहिला आला आणि २००२ पर्यंत पाचही वेळा पहिलाच राहिला. पन्नास वर्षे एका जागी बसलेल्या वस्तूकडे लोक नमस्कार करण्यापुरतेच पाहतात. केनचे तेच झाले असावे. २०१२ साली हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ने त्याला उठवले. २०२२ साली मात्र मोठाच धक्का बसला. शाँताल आकेरमान ह्या बेल्जियन बाईने १९७५ साली केलेला ‘झान दिएलमान’ पहिला आला. त्यात एक विधवा गृहिणी तीन दिवस घरकाम करते. बटाटे सोलते, भांडी घासते, पलंगपोस नीट करते, आणि हे सव्वातीन तासांहून अधिक चालते. त्याआधीच्या वेळी हा चित्रपट पहिल्या दहांतही नव्हता. दहा वर्षांत त्याची एक चौकटही बदलली नव्हती. बदलली होती ती विचारल्या गेलेल्या माणसांची यादी. २०१२ साली ८४६ जणांची मते घेतली, २०२२ साली १,६३९ जणांची. यादीच्या मागे आणखी एक यादी असते आणि खरा निकाल तिथे लागतो. मौज म्हणजे तिच्याविषयी ओसरीवर भांडण होत नाही.

आता माझ्या यादीकडे येतो, कारण तिची लाज काढल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. पंधरा वर्षे माझी यादी साधारण अशी होती. पहिला ‘पथेर पांचाली’, मग ‘संत तुकाराम’, मग ‘सिटिझन केन’, ‘राशोमोन’, ‘बायसिकल थीव्ह्ज’, ‘उंबरठा’, ‘सामना’, ‘गरम हवा’. २०१४ पासून नवव्या जागी ‘फँड्री’. आणि दहावा ‘प्यासा’. पाहणाऱ्याला वाटावे की मास्तर मोठा व्यासंगी आहे. ‘पथेर पांचाली’ मी प्रथम दूरदर्शनवर पाहिला तेव्हा मध्यंतरी दोनदा झोपलो होतो. तो आपला झाला तिसऱ्या खेपेला, पुष्कळ वर्षांनी. ‘केन’ तर मी आदरानेच पाहिला आणि आदरानेच ठेवला. ‘संत तुकाराम’ १९३७ साली व्हेनिसला गौरवला गेला आणि जगातल्या तीन उत्तम चित्रपटांत त्याची गणना झाली, हे सांगताना आपला प्रत्येकाचा ऊर भरून येतो. मात्र बाकीचे दोन कोणते, असे मी आजवर ज्याला ज्याला विचारले तो गप्प बसला. त्या सिनेमाची थोरवी व्हेनिसवर अवलंबून नाही. पागनीसांचा तुकोबा आणि तापट, कष्टाळू जिजाई ह्यांच्या संसाराइतका खरा संसार आपल्या पडद्यावर क्वचितच आला असेल. पण यादी करताना मी जिजाईला स्मरून नाव लिहिले की व्हेनिसला स्मरून, हे मला शपथेवर सांगता येणार नाही.

चार वर्षांपूर्वी काकाजींनी माझा कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाले, “मास्तर, राग नका मानू जी, पन हे सिनेमे तं तुमचे नाई. हे तुमाले लोकाइनं सांगतले.”

मी रागावलो. त्या वर्षी मलाही राग यायला कारण मिळाले होते. त्यांनी ‘मुगल-ए-आझम’ काढून टाकला होता. चाळीस वर्षे वहीच्या मागल्या पानांवर पहिल्या तिघांत असलेला सिनेमा काढला आणि दुसऱ्या क्रमांकावर ‘झुंड’ घातला. नागराज मंजुळ्यांचा हा चित्रपट २०२२ च्या मार्चमध्ये लागला. हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे ह्यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉलचा संघ उभा केला, त्यावरून रचलेला. नागपुरातच चित्रित झालेला, आणि इथलीच मुले त्यात आहेत. चित्रपट म्हणून मला तो लांबलेला वाटतो. शेवटचा तासभर तो एका जागी घुटमळतो आणि अमिताभ बच्चनांना भाषणे करावी लागतात. हे सारे मी काकाजींना सांगितले. के. आसिफने ‘मुगल-ए-आझम’साठी किती वर्षे घातली, काचेचा महाल कसा उभा केला, तेही सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, “हो नं जी. महाल मोठाच हाये. पन त्यातला कोनी मले ओळखत नाई. ह्यातले पोट्टे आपल्याकडले हायेत. मी त्याइले पाह्यलं तं मले वाटलं, आता हे मले पाहून हाक मारतीन.”

ह्याला उत्तर काय द्यायचे? कलेचे मूल्य आणि ओळखीचे सुख ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे टीकाशास्त्र सांगते आणि ते खोटे नाही. पण लंडनच्या १,६३९ जणांनी झान दिएलमानच्या बटाट्यांना जो मान दिला त्यात ओळखीचे सुख मुळीच नव्हते काय? पडद्यावर स्वतःचे स्वयंपाकघर पाहायला सत्तर-ऐंशी वर्षे थांबलेल्या कित्येक जणी त्या मतदारांत असतील. तेव्हा ‘आपल्याकडले पोट्टे’ हे कारण हिंगण्यात दिले तर भाबडे आणि लंडनला दिले तर समीक्षा, असे मला म्हणवत नाही.

माझ्या यादीतली नववी जागा हा त्याहून अवघड विषय आहे. दशावतारांच्या यादीत नववी जागा बुद्धाची. महाराष्ट्रातल्या कित्येक जुन्या चित्रांत तिथे विठोबा उभा दिसतो. ह्या दोघांपैकी कोण, ह्यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले. पण १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली एक बुद्ध हा विष्णूचा अवतार मानणार नाही अशी आहे. यादीत घेणे म्हणजे सन्मान करणे, असा घेणाऱ्याचा समज असतो. ज्याला घेतले त्याला ती जागा हवी होती का, हे विचारायचे राहून जाते. ‘फँड्री’ मी नववा ठेवला तेव्हा आपण मोठे उदारपणाचे काम केले असे मला वाटले होते, हे आज कबूल करतो. जब्या शेवटी दगड भिरकावतो तो सरळ कॅमेऱ्याच्या, म्हणजे पाहणाऱ्याच्या दिशेने येतो. तो दगड खाऊन मी घरी आलो आणि त्याला ‘राशोमोन’च्या खाली, ‘प्यासा’च्या वर नीट मांडून ठेवला. नववीतल्या एका मुलाने मला विचारले, “सर, तुमच्या दहांत त्याच्यासारखा हाच एक आहे का?” त्याने सहज विचारले, मला सहज उत्तर आले नाही.

काकाजींच्या त्या बोलण्यानंतर मी वहीतल्या त्या शेवटच्या रकान्याचा विचार करू लागलो. बरोबर कोण होते. माझ्या यादीला तो रकाना असता तर? ‘केन’ एकट्याने, मित्राच्या संगणकावर. ‘राशोमोन’ एकट्याने. ‘गरम हवा’ एकट्याने. असे खाली येत येत मी एका सिनेमापाशी पोचलो, जो माझ्या यादीत कधीच नव्हता.

१९९१ साली ‘माहेरची साडी’ लागला. मी तेव्हा शाळकरी पोर. आळीतल्या बाया एक मॅटॅडोर ठरवून नागपूरला निघाल्या आणि आईने मला मांडीवर घेतले, कारण माझी वेगळी जागा धरली असती तर वेगळे पैसे पडले असते. सिनेमा तुम्ही पाहिला असेल किंवा नाक मुरडून सोडला असेल. सासुरवासाचे भडक चित्र, एकामागून एक संकटे, मार खाऊनही न बोलणारी अलका कुबल. टीकाकार म्हणून गुण द्यायचे तर पस्तीसपर्यंत ओढत न्यावे लागेल, आणि सहन करणे हाच बाईचा मोठेपणा असे तो सिनेमा सांगतो म्हणून मला तो घातकही वाटतो. टॉकीजमध्ये त्या दिवशी पडद्यावरचे शब्द ऐकू येत नव्हते, इतक्या बाया रडत होत्या. माझी आई रडणारी नव्हती. ती रडली, मध्यंतरात डोळे पुसून रुमालाच्या गाठीतून पैसे काढून तिने मला समोसा घेतला, स्वतः खाल्ला नाही, आणि पुन्हा येऊन रडायला बसली.

मला आठवतो तो परतीचा रस्ता. गाडी अंबाझरीपर्यंत येईतो सगळ्या गप्प होत्या. मग एक जण आपल्या सासूविषयी बोलू लागली. मग दुसरी. हिंगण्याला पोचेपर्यंत सगळ्या बोलत होत्या, आणि अंधारात माझी आई म्हणाली की, लग्नानंतर तीन दिवाळ्या तिला माहेरी पाठवले नव्हते. तिसऱ्या भाऊबीजेला मामा नेण्यासाठी आला आणि ओट्यावरूनच परत गेला. मी तिचा थोरला मुलगा. हे मी त्याआधी कधी ऐकले नव्हते आणि नंतरही ती कधी बोलली नाही. ‘उंबरठा’ पुढे तिने माझ्याबरोबर दूरदर्शनवर पाहिला. स्मिता पाटील घर सोडून निघाली तेव्हा म्हणाली, “हिचं बरं हाय. हिले नोकरी भेटते.” आणि भाकरी टाकायला उठली.

‘उंबरठा’ हा मोठा चित्रपट आहे आणि ‘माहेरची साडी’ हा वाईट चित्रपट आहे, हे माझे मत तेव्हापासून तसूभरही हललेले नाही. आवडीच्या नावाखाली मी ते हलवणारही नाही. ओळखीच्या सुखाला सर्वाधिकार दिला की केसकरांचा जुलूम परवडला असे म्हणण्याची पाळी येईल. पण चांगल्या चित्रपटाने माझ्या आईचे तोंड बंद केले आणि वाईट चित्रपटाने उघडले, ही गोष्ट कोणत्या यादीत मांडायची? आई सगळी मिळून टॉकीजात तीनच सिनेमे पाहून गेली. तिला यादी करण्याची गरज पडली नाही. तिने काही वगळलेच नव्हते.

गेल्या भाऊबीजेला मी कागद नेला त्यावर दहा नावे नव्हती. ‘संत तुकाराम’, ‘उंबरठा’, ‘पथेर पांचाली’ अशी तीन नावे लिहिली होती आणि खाली ‘माहेरची साडी’, अर्धा. ‘केन’ गेला ह्याचे दुःख झाले नाही, ‘प्यासा’चे झाले. ‘फँड्री’ मी लिहिलाच नाही. तो कोणत्या क्रमांकावर ठेवण्याचा अधिकार मला आहे हे अजून समजलेले नाही, आणि त्याला वगळले असेही मी मानीत नाही. ह्यावरून त्या नववीतल्या मुलाला काय सांगायचे, तेही ठरलेले नाही.

काकाजींनी कागद दोनदा वाचला. मोतीबिंदू काढल्यापासून ते वाचायला वेळ लावतात. साडेतीन शहाण्यांची गोष्ट त्यांना ठाऊक होती, तेव्हा समजावून सांगावे लागले नाही. यादी इतकी लहान झाल्यामुळे भांडण लवकर मिटेल असे मला वाटले होते. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि विचारले,

“अर्धा म्हंजे कोनता अर्धा जी, मास्तर? इंटरवलच्या आधीचा का नंतरचा?”